पायावर ठिबकलेलं तेल

परवा लातूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी हातमोजे चढवले आणि पावडरीचा वास आला. मला कंधारचं अंगण आठवलं.

माझ्या थोरल्या भावाची, दादाची, जुनी एअर-कूल्ड मोटार तिथं उभी होती. मागच्या इंजिनातून तेल कुठून गळतंय, ते सापडत नव्हतं. दादानं इंजिन पुसून त्यावर वहिनीची पावडर भुरभुरली आणि ते चालू केलं. थोड्या वेळानं पांढऱ्या थरावर, झाकणाच्या कडेखालून, तेलाची काळी रेघ उतरली.

"घावली!" दादा खुशीत म्हणाला. ते गरम तेल त्याच्या अनवाणी पायावर ठिबकत होतं.

"दादा, पाय!" मी ओरडलो.

"आरं, हाव की. कळलंच न्हाई."

"तुमचा पाय हाय का लाकूड?" वहिनी म्हणाली. सगळे हसलो. नवं पॅकिंग बसवून त्यानं गळती बंद केली.

पायावर भाजल्याची जखम मात्र भरली नाही. पाय बधिर करणारा साखरेचा आजार कळला तेव्हा उशीर झाला होता. आधी पाय गेला, मग दादा.

डॉक्टरांनी माझ्या तळपायाला बारीक तार टेकवली. "कळतंय का?"

मी हो म्हणालो. अंगणात त्या दिवशी हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता.