ठमीचं वजन

संशय घेण्याच्या कलेत माझ्या थोरल्या साडूंचा हात धरणारा माणूस अख्ख्या भोपाळ शहरात सापडायचा नाही. जन्म नागपूरचा, पण नोकरी इथल्या वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून झाली, आणि निवृत्त झाल्यावर खातं सुटलं तरी निरीक्षण काही सुटलं नाही. बाग सेवनियातल्या त्यांच्या फ्लॅटच्या दाराआड एक काट्याचा तराजू कायम टांगलेला असतो. गॅसचं सिलिंडर, रद्दी, कांदे, एकदा तर मी पुण्याहून नेलेली बाकरवडी, सगळ्यांना आधी त्या आकड्यावर लटकावं लागतं. बाकरवडी थोडी कमी भरली तेव्हा त्यांनी दुकानदाराकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं होतं. मी गाडीत दोन खाल्ल्या होत्या, हे मी अजून कबूल केलेलं नाही. कोपऱ्यावरचा भाजीवाला त्यांना लांबून येताना पाहिलं की आपणहून एक टोमॅटो जास्त टाकतो, आणि साडू तो काढून परत ठेवतात. "जादा बी नको, कमी बी नको," हे त्यांचं जीवनाचं तत्त्वज्ञान.

अशा माणसाच्या घरात एक वजन हाताबाहेर गेलं. ते ठमीचं. ठमी म्हणजे त्यांच्या लेकीने हैदराबादला नोकरीला जाताना आईबापांकडे सोडलेलं गिनीपिग. लेकीने नाव काहीतरी इंग्रजी ठेवलं होतं. साडूंनी ते पहिल्याच दिवशी रद्द केलं. गेल्या वर्षी माझी मेहुणी, म्हणजे साडूंची बायको, गेली आणि घरात हे दोनच जीव उरले. वर्षभरात ठमी इतकी सुटली की चालताना पोट फरशी पुसायचं, पाय कुठे आहेत ते शोधावं लागायचं, आणि श्वास घेताना आतून शिट्टीसारखा बारीक आवाज यायचा. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून स्पष्टच सांगितलं, "अंकल, इसके हार्ट पर ज़ोर पड़ रहा है। वज़न नहीं उतरा तो मैं कुछ नहीं कर पाऊँगी।" वाळलेलं गवत भरपूर, सिमला मिरचीचा एखादा तुकडा, बाकी सगळं बंद. आणि निघताना त्यांनी बजावलं की उपाशी मात्र अजिबात ठेवायचं नाही, या प्राण्याचं पोट एकदा थांबलं की पुन्हा सुरू करणं अवघड. साडूंनी मान हलवली. डॉक्टरांवर त्यांचा दुधवाल्याइतकाच विश्वास होता.

मग सुरू झाली मोहीम. हॉलमध्ये पाट आडवे लावून बोळ तयार झाला. त्यातून साडू पुढे उकिडवे सरकत, हातात कोथिंबिरीची काडी, आणि मागून ठमी धापा टाकत. दोघांपैकी कुणाला जास्त दम लागलाय हे सांगणं कठीण होतं. रोज सकाळी ठमी कापडी पिशवीत बसून तराजूला लटकायची. काटा खाली यायचं नाव घेईना. उलट एके दिवशी तो किंचित वरच गेला, आणि त्या दिवसापासून घराची चौकी झाली. भांडीवालीला स्वयंपाकघराबाहेर पडताना हात दाखवावे लागत. शेजारच्या आजींचं येणं बंद झालं. मी गेलो की साडू माझ्या खिशाकडे बघत. ठमीची शिट्टी मात्र वाढत चालली होती. बोलता बोलता ते मध्येच थांबून तिच्याकडे कान लावत, तेव्हा त्यांचा चेहरा पाहवत नसे.

एका रविवारी त्यांनी आम्हा नवराबायकोला जेवायला बोलावलं. जेवण कसलं, चौकशीच होती. पानं वाढून होताच साडूंनी माझ्या बायकोकडे मोर्चा वळवला. "तू बहीण आहेस तिची, तुझ्यावर शंका नाही घेत. पण कोणीतरी चारून राहिलं हिला. चोरून चारून राहिलं." हे बोलता बोलता त्यांनी पोळीचा चतकोर तोडला, त्यावर तूप आणि गुळाचा खडा ठेवला, वर भाताची मूद ठेवली, उठले, ठमीच्या पिंजऱ्यात ते सगळं ठेवलं, हात जोडले, हात धुतले, आणि पाटावर बसून विचारलं, "तर मग कोण असेल?"

माझा घास हातातच राहिला. बायको हळू आवाजात म्हणाली, "भाऊजी, हे आत्ता काय केलंत?"

"काय केलं? गोग्रास दिला."

जेवणाआधी गायीसाठी घास काढायची मेहुणीची रीत होती. सरकारी क्वार्टरमध्ये होते तेव्हा गाय रोज फाटकाशी येऊन उभी राहायची. इथे तिसऱ्या मजल्यावर गाय चढणार कशी? मुका जीव तो मुका जीव, म्हणून मेहुणीने तो घास ठमीला द्यायला सुरुवात केली. तेव्हा तो नखाएवढा असायचा. ती गेल्यावर साडूंनी रीत चालू ठेवली आणि पुरुषी हाताने घास वाढत गेला. पण हे ठमीच्या खाण्यात धरायचं असतं, असं त्यांच्या मनाला कधी शिवलंच नाही. खाणं वेगळं, धर्म वेगळा. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. मला हसू फुटणार होतं, पण साडूंचा चेहरा पाहिला आणि ते घशातच राहिलं. आयुष्यभर दुसऱ्यांची मापं पकडणारा माणूस स्वतःच्या घरात पकडला गेला होता.

"तिच्या हातचं तेवढंच चालू होतं," ते म्हणाले, आणि न जेवता उठले.

दुसऱ्या दिवशी एकादशी होती. साडूंनी प्रायश्चित्त म्हणून कडकडीत उपास धरला आणि ठमीलाही धरायला लावला. गवतसुद्धा उचलून ठेवलं. एका दिवसाच्या उपासाने आजवर कोणी मेलेलं नाही, असा त्यांचा हिशेब. द्वादशीला सकाळी त्यांनी पारणं म्हणून ताजं गवत समोर ठेवलं, तर ठमीने तोंड फिरवलं. कोथिंबीर ठेवली, हुंगलीसुद्धा नाही. कोपऱ्यात अंग फुगवून बसून राहिली. त्यांचा मला फोन आला, "सकाळपासून काहीच खाऊन नाही राहिली हो," आणि मी तडक जाऊन दोघांना दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई रागावल्या, आणि रागावायलाच हव्या होत्या. त्यांनी एक इंजेक्शन टोचलं आणि एक भुकटी दिली. भुकटी पाण्यात कालवून बिनसुईच्या पिचकारीने थोडी थोडी तोंडात सोडायची, संध्याकाळपर्यंत आपणहून खाल्लं तर जगेल. घरी आल्यावर मी ठमीला टॉवेलात धरून बसलो आणि साडू पिचकारी घेऊन समोर. "घे माय, घे एवढं," म्हणत ते थेंब सोडायचे, अर्धे तिच्या हनुवटीवरून माझ्या मांडीवर यायचे. दुपार सरली, तिला परत पिंजऱ्यात ठेवलं. ते स्वतः अजून पाणीही प्यायले नव्हते आणि त्यांना सांगायची माझी हिंमत नव्हती. मनात एकच भीती होती: हीसुद्धा गेली तर हा माणूस या घरात कसा राहील?

ऊन भिंतीवरून उतरत असताना पिंजऱ्यातून कुरकुर आवाज आला. ठमीने गवताची एक काडी ओढली होती आणि सावकाश चावत होती. साडू उठून आत गेले आणि बराच वेळ बेसिनचा नळ वाहत राहिला.

पुढचे काही महिने डॉक्टरीणबाईंचा शब्द त्यांनी कायद्यासारखा पाळला. गोग्रास घेऊन आता ते रोज जिना उतरून रस्त्यापलीकडच्या गायीकडे जातात, त्यामुळे त्यांचंही पोट थोडं उतरलंय. ठमीची शिट्टी बंद झाली. पाय दिसू लागले. काटा डॉक्टरीणबाईंनी सांगितलेल्या जागी येऊन थांबला, त्या दिवशी साडूंनी पेढे आणले आणि न तोलता वाटले.

परवा संध्याकाळी मी गेलो होतो. साडूंनी ठमीला उचलून मांडीवर घेतलं. मेहुणी गेल्यापासूनच्या सगळ्या संध्याकाळी त्यांनी अशाच काढल्या होत्या. तिला मांडीवर ठेवलं की ती तासन् तास तिथेच पडून राहायची, कारण उतरणं तिला झेपत नव्हतं. आता मात्र तिने अंग झटकलं, टुणकन खाली उडी मारली आणि पलंगाखाली पसार झाली. तिच्या धावण्याचा आवाज खोलीभर फिरत राहिला. साडूंचा हात मांडीवर तसाच होता.

"बरी झाली," ते म्हणाले. "आता कशाला बसते?"

मी निघायला उठलो, चपला घातल्या, तसं ते दाराकडे न बघता म्हणाले, "तुम्ही बसा ना थोडं."

मी चपला काढल्या आणि बसलो.