परबांची डावरी बंदूक

अमेरिकेतल्या कॅरी गावच्या मराठी मंडळात गुरुदत्त परबांना लोक दोन कामांसाठी ओळखत. गणपतीचं मखर तेच करायचे, आणि बोकडाचं ताजं मटण हवं असेल तर त्यांनाच फोन जायचा. एरवी माणूस अबोल. एका औषधांच्या कंपनीत कॉम्प्युटरचं काम, सकाळी साडेसातला गाडी काढायची आणि संध्याकाळी सहाला परत. महिन्यातून एका शनिवारी मात्र ते चाळीस मैल गाडी हाकत डेलच्या शेतावर जायचे. डेल सत्तरीचा शेतकरी होता. बोकड तोच द्यायचा, आणि कापून साफ करायला चिंचेच्या झाडाएवढ्या मोठ्या एका ओकखाली जागाही.

त्या डेलनंच एकदा विषय काढला. त्याचं सोयाबीन हरणं खात होती.

"गुरू, बोकड नेतोस तसं एखादं हरीण पण ने. माझे गुडघे आता मचाणावर चढू देत नाहीत."

परबांनी घरी येऊन हे बायकोला सांगितलं. लतिका सोमवार-गुरुवार पाळायची, सकाळी आंघोळीशिवाय देवाला हात लावायची नाही, पण बाकीच्या दिवशी घरात मासे-मटण चालायचं. तिला हरणाचं काही नव्हतं, बंदुकीचं होतं.

"अहो, घरात बंदूक? रुचा आहे घरात."

"कुलपाच्या कपाटात राहील. किल्ली माझ्या गळ्यात."

"आणि हे वेड आत्ताच कुठून आलं?"

परब खुर्ची ओढून बसले. मग त्यांनी सांगितलं ते लग्नाच्या सतरा वर्षांत तिनं कधी ऐकलं नव्हतं. सावंतवाडीकडे त्यांच्या वडिलांकडे ठासणीची बंदूक होती, भातशेतीच्या राखणीची. एकदा तिन्हीसांजेला वडिलांनी रानडुकरावर बार काढला. डुक्कर पडलं नाही, पोटात गोळी घेऊन पळालं. वडील तीन दिवस रान तुडवत होते आणि दहा वर्षांचा गुरुदत्त कोयती घेऊन मागे. तिसऱ्या दिवशी वासावरून सापडलं. वडिलांनी त्या दिवशी अन्न घेतलं नाही आणि बंदूक पुन्हा खाली काढली नाही.

"एवढंच म्हणाले, 'एका बारात पडता तर मार. नायतर घरात बस.'"

"मग बसा की घरात," लतिका म्हणाली. पण तिचा विरोध तिथेच मावळला. या माणसाला शिकार हवी नव्हती. वडिलांचा तो एक चुकलेला बार त्याला नीट करून बघायचा होता. तिला हे कळलं आणि तिनं ते बोलून दाखवलं नाही.

ग्रीन कार्ड दोन वर्षांपूर्वीच आलं होतं, त्यामुळे बंदूक घ्यायला अडचण नव्हती. परबांनी आधी शिकारीच्या सुरक्षेचा वर्ग केला. वर्गात सगळी बारा-तेरा वर्षांची मुलं आणि मध्ये हे एक टक्कल. परीक्षेत पन्नासपैकी पन्नास मिळाले. मग ते दुकानात गेले, आणि लतिकाही गेली, कारण घरात काय येणार आहे ते तिला आधी बघायचं होतं.

दुकानदार शांत होता. त्यानं परबांना विचारलं, हरीण किती अंतरावर असेल, मचाण किती उंच, खांदा कधी दुखावलाय का. बोल्टची बंदूक घ्या म्हणाला. हातानं दांडी उचलायची, मागे ओढायची, पुढे ढकलायची, खाली दाबायची. दर वेळी एकच गोळी. भरभर बार काढायचा मोह होत नाही. परबांना तेच हवं होतं. पण बंदूक खांद्याला लावताना ती सारखी अडू लागली. दुकानदार बघत राहिला. मग म्हणाला, "दोन्ही हातांचे पंजे जुळवून मध्ये एक भोक ठेवा, आणि त्यातून माझ्या नाकाकडे बघा."

परबांनी पाहिलं. दुकानदार हसला.

"तुमचा डावा डोळा धनी आहे, नेम तोच धरतो. उजव्या हाताची बंदूक तुम्हाला कामाची नाही."

परब म्हणाले, मी उजव्या हातानंच लिहितो. लतिकाला मात्र त्यांच्या बोटांची पेरं आठवली. लग्नाच्या वर्षी सासूबाईंनी सांगितलं होतं, हा डावरा होता, गुरुजींनी पट्टीनं मारून उजव्यावर आणला. हाताला पट्टी लागू झाली, डोळ्यापर्यंत ती पोचली नव्हती.

डाव्या हाताची बंदूक दुकानात नव्हती, मागवावी लागली. सहा आठवड्यांनी आली. परबांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनी चादर अंथरून ती सज्ज केली. नेम धरायची दुर्बीण तिच्यावर बसवताना लतिकाला समोर उभं करून विचारायचे, "माझं डोकं सरळ आहे का गं?" डोळे मिटून बंदूक गालाला लावायची आणि मग डोळे उघडायचे, समोर चित्र पूर्ण गोल दिसेपर्यंत दुर्बीण मागेपुढे करायची. मग स्क्रू एकेक वेढा, आळीपाळीनं. नंतर तीन शनिवार चांदमारीच्या मैदानावर गेले. बोल्ट काढून नळीतून कागदाकडे बघायचं, दुर्बिणीतली फुली तिथेच आणायची, मग बार. शेवटच्या शनिवारी शंभर यार्डांवर तीन गोळ्यांची भोकं एका रुपयाखाली झाकली जातील इतकी जवळ पडली. परबांनी तो कागद फ्रीजवर लावला.

"बाबा, दॅट्स सो वीअर्ड," रुचा म्हणाली, आणि दूध काढून घेऊन गेली.

ऑक्टोबरात खंडेनवमी आली. परबांच्या घरी त्या दिवशी हत्यारांची पूजा चुकत नसे. पाटावर विळी, सुऱ्या, पान्यांची पेटी, गाडीच्या किल्ल्या, लॅपटॉप आणि आता बंदूक, बोल्ट काढून शेजारी ठेवलेली. लतिकानं सगळ्यांना हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. बंदुकीवर कुंकू जरा सढळच पडलं. घरात आली आहे तर देवाच्या नजरेखालून जाऊ दे, असं तिच्या मनात होतं.

दुसऱ्या दिवशी परब ऑफिसच्या कामात होते, ती पाट आवरत होती. दुर्बिणीवर दोन छोटी टोपणं होती, एक वर आणि एक बाजूला, आणि त्यांच्या खाचांत कुंकू बसलं होतं. करंड्याची असावीत तशी ती टोपणं फिरवल्यावर निघाली. तिनं ती नळाखाली धुतली. खाली चकत्या होत्या, त्यांवरही कुंकू सांडलं. तिनं ओल्या फडक्यानं पुसलं. बोटाखाली बारीक टक-टक झालं. यंत्र आहे, वाजायचंच. टोपणं लावून तिनं बंदूक नवऱ्याच्या हातात दिली आणि त्यांनी ती कपाटात ठेवली.

हंगाम नोव्हेंबरच्या मध्यावर, शनिवारी सुरू होणार होता. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून येताना शशिकांत चहाला थांबला. तो परबांचा जुना मित्र, नागपूरचा, जिभेला हाड नसलेला.

"काय परब्या, उद्या हरणाला आधी ईमेल पाठवणार की डायरेक्ट मीटिंग?"

"तू ये. तुला पुढे उभा करतो."

"नको यार. माझा मटणातला हिस्सा तेवढा ठेव." मग त्यानं टेबलावर काढून ठेवलेल्या बंदुकीच्या दुर्बिणीकडे बोट दाखवलं. "आणि ही टोपणं कसली?"

"खाली चकत्या आहेत. एक टिक म्हणजे शंभर यार्डांवर गोळी पाव इंच सरकते. एकदा जुळवलं की हात लावायचा नाही."

लतिका चहा गाळत होती. पातेल्यातला चहा तिनं दोन कपांऐवजी एकाच कपात ओतला, बशीत सांडला तेव्हा तिच्या लक्षात आलं.

शशिकांत अर्धा तास बसला. तेवढ्या वेळात तिनं दोनदा ठरवलं की बोलायचं नाही. चार टिक झाल्या असतील, एक इंच, त्यानं काय होतंय. तीन महिने हा माणूस या एका सकाळसाठी झटतोय. आणि दोनदा तिला ते डुक्कर दिसलं, जे तिनं कधी बघितलं नव्हतं. देवापुढे दिवा लावायची वेळ झाली. काडी ओढताना तिला वाटलं, हे लपवून हात जोडायचे तरी कसे. तिनं काडी फुंकली आणि बाहेर आली. शशिकांत बूट घालून निघत होता. दार लागल्यावर ती म्हणाली,

"अहो, मी त्या चकत्या पुसल्या होत्या. खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवशी. टक-टक वाजलं."

परबांनी वळून पाहिलं.

"किती वेळा वाजलं?"

"मोजलं नाही हो."

"अंदाजे?"

"कुंकू निघेपर्यंत."

परब रागावले नाहीत. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते खुर्चीवर बसले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. अंधार पडला होता, मैदान बंद झालं होतं. पहाटे डेलच्या शेतात कागदावर बार काढून बघायचा तर मैलभरातली हरणं उठून गेली असती, आणि शेजारच्या शेतांत बसलेल्या शिकाऱ्यांची सकाळही वाया गेली असती.

"तू दिवा लाव," ते म्हणाले.

शनिवारी ते ठरल्याप्रमाणे गेले. जाताना लतिकानं डबा दिला. तो त्यांनी घेतला, पण कधी येणार ते सांगितलं नाही. दुपारी दोनला गाडी दारात आली. हात धुऊन ते टेबलाशी बसले आणि जेवता जेवता सांगू लागले, ऑफिसातलं सांगावं तसं.

उजाडताना ते मचाणावर बसले होते, बोल्ट खिशात. साडेसातला नर आला. मोठी शिंगं. ऐंशी-नव्वद यार्डांवर, डावीकडे तोंड करून, आडवा उभा राहिला. सोयाबीनच्या खुंटांत काहीतरी हुंगत होता. बराच वेळ उभा होता. मग झाडीत गेला.

"डेल काय म्हणाला?"

"म्हणाला, बार ऐकू आला नाही. मी म्हटलं, काढलाच नाही. दहा वाजता त्याच्या बांधाला कागद लावला."

त्यांनी घडी उलगडून कागद टेबलावर ठेवला. तीन भोकं अजूनही जवळजवळच होती, पण मधल्या ठिपक्यापासून दूर, उजवीकडे वीतभर. लतिकानं ठिपक्यावर अंगठा ठेवला आणि करंगळी भोकांकडे नेली. डावीकडे तोंड केलेल्या जनावराची छाती अंगठ्यापाशी धरली, तर करंगळी पोटावर येत होती.

"डाळ आहे का अजून?" परबांनी विचारलं. तिनं वाढली.

चकत्या त्यांनी तिथेच जुळवल्या होत्या. तो नर पुन्हा दिसला नाही. तिसऱ्या शनिवारी सकाळी आठ वाजता घरातला फोन वाजला.

"मादी आहे. पडली. जागच्या जागी."

"बरं," लतिका म्हणाली. फोन ठेवून तिनं देवासमोर हात जोडले, त्या मादीसाठी आणि सावंतवाडीतल्या त्या म्हाताऱ्यासाठीही. मग मसाला भाजायला घेतला, कारण शशिकांत हिस्सा घ्यायला येणारच होता.

पुढच्या खंडेनवमीला पाट मांडला तेव्हा परबांनी दुर्बिणीवर आपला एक धुतलेला मोजा चढवला. लतिका कुंकवाची वाटी घेऊन थांबली.

"इथे लाव," ते म्हणाले आणि बंदूक उलटी केली. लाकडी दस्त्याची उजवी बाजू, जिथे त्यांचा डावा गाल टेकतो ती. तिनं तिथे एकच बोट लावलं. दुसऱ्या दिवशी पाट आवरताना तिनं विळी पुसली, सुऱ्या पुसल्या, पाने पुसले. बंदुकीला हात लावला नाही. नोव्हेंबरात हंगामाच्या पहिल्या शनिवारी परब घरी आले तेव्हा त्यांच्या डाव्या गालावर पुसट लाल डाग होता. आरशात बघेपर्यंत त्यांना तो माहीत नव्हता, आणि लतिकानंही सांगितला नाही.