तिमोरवाले सर

राठोड सर वर्गात आले की हजेरीच्या आधी फळ्यावर एक बेट काढायचे. नकाशा न बघता. लांबट, जरा वाकडं, मगर उन्हाला पडल्यासारखं. मग त्याची पूर्वेकडची अर्धी बाजू खडूनं भरायचे आणि म्हणायचे, "हे पूर्व तिमोर. एवढासाच देश. आपला हिंगोली आन नांदेड जिल्हा जोडला की झाला."

मागच्या बाकावरून कुणीतरी विचारायचंच, "सर, हे परीक्षेला हाय का?"

"न्हाई. परीक्षेचं तुमी गाईडात वाचताच की. मला काहून तकलीफ देता?"

औंढ्याच्या आमच्या कॉलेजात शिपायापासून सगळे त्यांना तिमोरवाले सर म्हणायचे. मागच्या उन्हाळ्यात ते गेले. ते माझ्याच तांड्याचे. आमच्या तांड्यातून प्राध्यापक झालेले पहिले ते, आणि पदवी घेतलेली पहिली पोरगी मी. हे सांगताना मी लाजत नाही. लाजायचं काय त्यात?

त्या देशाची गोष्ट सर भाऊबंदकीची भांडणं सांगावीत तशी सांगायचे. पोर्तुगीज तिथं काही शतकं राहिले. ते गेले न गेले तोच इंडोनेशियाचं सैन्य शिरलं आणि शाळांतून पोर्तुगीज हद्दपार झाली. पुढं देश स्वतंत्र झाला तेव्हा राजभाषा दोन ठरल्या, एक पोर्तुगीज आणि एक लोकांची तेतुम. पण मधल्या काळात शिकलेल्या पोरांना पोर्तुगीज कुठून येणार?

"आजा एका राज्यात शिकला, बाप दुसऱ्या, नातू तिसऱ्या. एका घरात तीन राजवटी जेवून राहिल्या," सर म्हणायचे. "आन आपलं काय निराळं? माझ्या बापाची सही उर्दूत, कारण शाळा निजामाची. माझी मराठीत. पोरीची इंग्रजीत. तरी तेतुम टिकली. कशानं? ती चुलीपाशी व्हती. चुलीपाशी कोणता साहेब येतो?"

मी तोंडाची फटकळ. उभी राहिले आणि विचारलं, "सर, तुमच्या चुलीपाशी कोणती भाषा हाय?"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. "मराठी," म्हणाले आणि फळा पुसायला लागले.

तास संपल्यावर व्हरांड्यात थांबले होते. म्हणाले, "हिंगोलीत घर केलं तवा गल्लीतले लोक पोरीला चिडवायचे, तांड्याची म्हणून. मग आमी नवरा-बायकोनं ठरवलं, हिच्यापुढं गोरमाटी बोलायची न्हाई." गोरमाटी म्हणजे आम्हा बंजाऱ्यांची बोली. सरांची स्नेहा तिच्याशिवाय वाढली.

माझं बी.ए. झालं त्याच वर्षी स्नेहाचं लग्न ठरलं, आणि तांड्यावर राहणाऱ्या सरांच्या आईनं हट्ट धरला. आम्ही सगळे तिला याडी, म्हणजे आई, म्हणायचो. आमच्याकडे सासरी निघालेली मुलगी एकेकाच्या गळ्यात पडून ढावलो गाते. रडत, सुरात, आपल्या बोलीत. याडी म्हणाली, "मुकी पोरगी मी धाडणार न्हाई. नातीच्या तोंडून एकदा ऐकते, मग मरते."

सर आमच्या दारात आले. "वर्गात तूच विचारलं व्हतंस ना? आता तूच शिकव."

स्नेहा हुशार. माझ्या तोंडचा ढावलो तिनं मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत उतरवला आणि आठवड्यात पाठ केला. याडीपुढं म्हणून दाखवला, एकदाही अडखळली नाही. आम्ही दोघी शाबासकीची वाट बघत बसलो.

याडी म्हणाली, "छान हाय. पण हे रडणं कुणाचं?"

तिचं खरं होतं. ढावलो पाठ करायचा नसतोच. चाल जुनी, पण तिच्यात दुःख ज्याचं त्यानं घालायचं.

"आजी, मला तेवढी भाषा येत नाही," स्नेहा म्हणाली. आणि हेसुद्धा मला याडीला गोरमाटीत सांगावं लागलं.

लग्नाच्या दिवशी ती याडीच्या गळ्यात पडली, पाठ केलेलं सुरू केलं आणि दुसऱ्याच ओळीला थांबली. बायका कुजबुजल्या, "शहरातली हाय, तिला काय येतंय." मग स्नेहानं त्याच चालीत तोडकंमोडकं काहीतरी घातलं. शब्द सापडला नाही तिथं मराठी. "याडी, तू बोलायचीस, मी नुसती मान हलवायची..." बायका फिदीफिदी हसल्या. याडी डोळे मिटून तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

नंतर स्नेहा सरांकडे वळली. त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून तिनं सूर लावला. "बापू, समुद्रापल्याडच्या लोकांची बोली तू जपलीस. माझ्या तोंडातली का काढून घेतलीस, बापू?"

मी इथं मराठीत सांगतेय, पण त्यात एकही मराठी शब्द नव्हता. कुणी हसलं नाही.

व्याही घाईनं पुढं झाले. "सर, लेकरू रडण्याच्या भरात बोललं. मनावर घेऊ नका."

"काहून घेऊ नको?" सरांनी फेट्याच्या शेमल्यानं डोळे पुसले. "बराबर बोलली ती. पहिल्यांदा मला आपल्या बोलीत बोलून राहिली."

बाहेर जीपवाला हॉर्न देत होता. सर माझ्याकडे वळून म्हणाले, "जा, त्याला चहा दे. म्हणावं, येळ हाय. पोरीचं सांगून संपलं न्हाई अजून."