श्रावणातला जवळा

म्हाताऱ्याने दात आवळले आणि चमचा बाहेरच राहिला. पेज हनुवटीवरून गळ्यावर उतरली. मी ती पुसली, पुन्हा चमचा भरला, तर त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. हॉलंडात, पोराच्या घरी, माझा नवरा उपाशी मरायला निघाला होता आणि फ्रिज अन्नाने भरलेला होता. छातीचा ताप उतरून तो इस्पितळातून घरी आला होता, पण खाणं थांबलं ते थांबलंच. डॉक्टरीणबाईने पोराला सांगितलं होतं, पोटात काही गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल, पण अंगात ताकद उरलेली नाही, फार आशा धरू नका.

सुरुवातीला तो मागत होता. "मना जवला कर गो, भाकरीसंगं." आम्ही खाडीकाठच्या जासई गावचे. सगळा जन्म मिठागरात राबलेला माणूस, सुका जवळा आणि तांदळाची भाकरी मिळाली की त्याला दुसरं काही लागत नाही. पोरगा तिकडे बंदरावर नोकरीला आहे. त्याने फोनवर बजावलं होतं, मासळी आणू नका. तरी मी जवळा जुन्या लुगड्यात गुंडाळून आणला, म्हाताऱ्या बाईचं लुगडं कोण सोडून बघतंय म्हणून. विमानतळावरच्या साहेबाने सोडून बघितलं आणि सगळं कचऱ्याच्या डब्यात टाकलं. म्हातारा त्या डब्याकडे वळून वळून बघत होता. त्यानंतर तो मागायचा तेव्हा मी म्हणायचे, "श्रावन हाय. गप पेज खा." जवळा असता तरी मी केला नसता. आमच्या घरात श्रावणात मासळी कधी शिजली नाही. मग त्याने मागणं सोडलं, आणि त्यामागून खाणंही.

त्या सकाळी मी चमचा ठेवला आणि चपला घातल्या. पोरगा म्हणाला, "आये, एकटी कुठं चाललीस? हरवशील."

"हरवीन कशी? कुत्र्यासारका पत्ता गल्यात बांदलायस ना."

देवीची ओटी भरायला नारळ मिळतो का, ते बघायला निघाले होते. देवपूजा मला फार येत नाही. कार्ल्याच्या एकवीरा आईला वर्षाला एकदा जाऊन येते, तेवढंच. रस्त्याच्या टोकाला बंदराचे लोखंडी डबे, ते कंटेनर, रचलेले दिसत होते. गावाकडे बंदर आलं तेव्हा आमची शेतं ज्या डब्यांखाली गेली तसलेच, तेच रंग. मी तिथे उभी राहून आईला म्हटलं, एक तर त्याला वाढ, नाहीतर त्याचं ताट उचल. हे मधलं मला बघवत नाही. दुसरं काही बोलले नाही. तसंच पुढे गेले आणि एका दुकानाच्या दारात तो वास आला.

खोटं वाटेल, पण त्या वासाने माझे पाय थांबले. आत भिंतीवर वाघावर बसलेली देवी, दिवा लावलेला, आणि बरोबर तिच्या पायाखाली सुक्या जवळ्याच्या पिशव्या टांगलेल्या. गल्ल्यावर एक काळीसावळी बाई, डोक्याला घट्ट रुमाल. मला बघून म्हणाली, "आजी, का खोजे है?"

वाशीच्या मार्केटात जाऊन जाऊन मला हिंदी समजतं. तिचं हिंदी निराळं होतं, पण कळत होतं. तिच्या पणजोबाला गोऱ्या लोकांनी उसाच्या मळ्यावर कामाला जहाजातून दूर देशी नेलं होतं, तिथून तिचे आईबाप इकडे आले. भारत तिने पाहिलेला नाही. मी पिशवीकडे बघत म्हटलं, "सावन है." घरचंही सांगितलं. ती उठली, पिशवी काढली, तांदळाचं पीठ काढलं, माझ्या हातात दिलं. "देवी देत है तो महिना ना पूछे, आजी. ले जा, आजा के खियाव." म्हणजे आजोबाला खाऊ घाल.

घरी येऊन कांदा, लसूण, घरचा मसाला घालून जवळा परतला. पोरगा खिडक्या उघडायला धावला. मी म्हटलं, बंद कर, वास बाहेर जाऊ देऊ नको. मऊ भाकरी मोडून, जवळ्यात कालवून पलंगाशी नेली. म्हाताऱ्याने मान वळवली.

"श्रावन सपला काय गो?"

"सपला. खा."

त्याने घास घेतला. चावला. बराच वेळ चावला. मग म्हणाला, "मीठ कमी हाय." मी आत जाऊन ओट्याला धरून उभी राहिले.

त्यानंतर निघेपर्यंत मी रोज तिच्या दुकानात जायचे. म्हाताऱ्याने काय खाल्लं, किती खाल्लं, हे तिला सांगायचे. ती हसून ऐकायची. मी भाकरी न्यायचे, ती बाजूला ठेवायची, "बाद में खाइब" म्हणायची. तिची मनगटं काडीसारखी होती. दुकानात ऊब असून रुमाल सुटत नव्हता. मी सगळं बघत होते आणि एकदाही विचारलं नाही, बाय, तू का खात नाहीस. जिचा नवरा जेवायला लागलाय ती बाई दुसऱ्याच्या ताटाकडे बघत नाही. नावसुद्धा विचारलं नाही.

जासईला परत आल्यावर पोराचा फोन आला. दुकान बंद होतं, शेजाऱ्याने त्याला सांगितलं. दुकानवाल्या बाईला पोटाचा कॅन्सर होता, कधीचाच. आम्ही तिथे होतो तेव्हाच तिला घास गिळवत नव्हता.

मी कार्ल्याला जाऊन दोन ओट्या भरल्या. दुसरी कोणाच्या नावाने, असं पुजाऱ्याने विचारलं तेव्हा मी म्हटलं, नाव मला ठाऊक नाही. आईने माझं ऐकलं हे मी मानते. तिने कोणाच्या हाताने वाढलं ते मला वेळेवर दिसलं नाही. आता मी आईकडे काही मागत नाही. ती देईल ते घेते, आणि देणारा हात जेवलाय का ते आधी विचारते.

म्हातारा जगला. ती गेली.