चार मीटरची चूक

वर्तमानपत्रातल्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर तिरंदाजी सुरू केली. विरारच्या फ्लॅटमध्ये धनुष्य ओढायला जागा नाही, म्हणून आठवड्यातून तीन सकाळी वसईतल्या एका केळीच्या वाडीत जायचो. वाडी शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेल्या बाईंची. त्यांना सगळे टीचर म्हणतात; तिरंदाजीही त्याच शिकवतात.

शिकारीला बंदी आहे. म्हणून आमच्या तिरंदाजीच्या प्रकारात फोमची डुकरे आणि हरणे झाडांत उभी करतात, पण अंतर सांगत नाहीत. ते नजरेने ठरवायचे. त्या हिवाळ्यात राजोडीच्या सुरूच्या बनात आमच्या तिरंदाजी क्लबच्या संघाची निवड होती. संघात जागा चार. माझी तोवर कुठल्याही संघात कधी निवड झाली नव्हती. ही व्हावी, असे फार वाटत होते.

अडचण अंतराची होती. बाण सरळ रेषेत जात नाही, चढतो आणि उतरतो. संथ बाणाची कमान मोठी. तीस मीटर अंतर चौतीस धरले, की तो डुकराच्या पाठीवरून निघून जातो. वेगवान बाण सपाट जातो आणि थोडीफार चूक पोटात घालतो. म्हणून मी हलके बाण घेतले आणि धनुष्याचा ताण वाढवला.

टीचरनी लाकडी चौकटीत वर्तमानपत्राचे पान ताणून बसवले आणि दोन मीटरवरून मारायला सांगितले. बाण नीट सुटला तर कागदाला गोल भोक पडते. माझ्या बाणाने बोटभर आडवी चीर पाडली.

"पेपरवाले, अग्रलेख फाडलात."

"पण वेग वाढलाय ना?"

"वाढलाय. शेपूट हलवत चाललाय. एवढ्या ताणाला बाणाची ही काडी मऊ पडते, वाकते."

"मग कडक काडी घेतो."

"कडक म्हणजे जड. जड म्हणजे संथ. होतात तिथंच आलात."

अंतर ओळखता येत नाही, असे मी सांगून पाहिले.

"इतकी वर्षं सभेला किती माणसं होती, ते छापत होतात ना?"

"पोलिसांना विचारून."

त्या हसता हसता चौकटीला टेकल्या.

जुने बाण आणि जुना ताण परत आले. कागदावर गोल भोक पडले. मग आठवडाभर टीचरनी धनुष्याला हात लावू दिला नाही. वाडीत हिंडायचे, एखादे झाड निवडायचे, अंतर वहीत लिहायचे, मग टेप लावायची. आठवड्याच्या शेवटी नोंदी एकाखाली एक वाचल्या. उन्हात अंदाज जवळपास बरोबर होता. सावलीत मात्र दर वेळी चार मीटर जास्त. चूक मोठी होती, पण नियमित होती.

निवडीच्या दिवशी सावलीतल्या प्रत्येक लक्ष्याला चार वजा केले. दोन बाण वाऱ्याने नेले. बाकीचे फोममध्ये बसले. संथ असल्यामुळे ते जाताना शेवटपर्यंत दिसत होते, आणि ते पाहायला बरे वाटत होते.

दुपारी टीचर गुणांचा कागद घेऊन आल्या.

"चौथे आलात. टी-शर्टचं माप सांगा."

मी माप सांगितले. पोटाकडे एकदा बघून त्यांनी एक नंबर मोठा लिहिला.