पलीकडच्या वर्गातली शांतता

कमलबाई वर्गात कुजबुजत शिकवायच्या. पहिलीचा खच्चून भरलेला वर्ग, आणि बाई अशा आवाजात बोलायच्या की वाटावं, घरात कुणीतरी आजारी माणूस नुकतंच झोपलंय. त्यांची पहिली आणि माझी चौथी यांच्यामध्ये भिंत नव्हती, प्लायवूडचं पार्टिशन होतं, तेही वरून उघडं. माझ्या वर्गातल्या पाढ्यांचा गजर त्यांच्याकडे फुकटात पोचायचा. त्यांच्याकडून मात्र काहीच यायचं नाही. मध्येच सगळी पोरं एकदम खदखदून हसायची आणि पुन्हा चिडीचूप. कशाला हसली ते काही कळायचं नाही. माझी पोरं पाढा म्हणता म्हणता पार्टिशनकडे बघत राहायची. त्यांना कशाला बोल लावू, मीही बघायचे.

शाळा सुरतेच्या गोडादऱ्यात होती, एका ट्रस्टची, मराठी माध्यमाची. रस्त्याच्या दोन्ही अंगांना लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे कारखाने. त्या भागातली पोरं मुळात ओरडूनच बोलत. बाप मशीनवर, घर मशीनच्या मागच्या खोलीत. साधं पाणी मागायचं तरी घसा ताणावा लागे. मी परभणीहून डी.एड. करून, लग्न होऊन सुरतेत आले होते. हातात प्रमाणपत्र होतं आणि डोक्यात बऱ्यापैकी हवा. पहिल्याच आठवड्यात माझा आवाज बसला. मधल्या सुट्टीत कमलबाईंनी माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

"ताई, तुम्ही पोऱ्यास्नावर आवाज चढावतस, मंग त्या तुमनावर चढावतस," त्या म्हणाल्या. "मशीनसंगे कोनी जिकस का?"

बाई धुळ्याकडच्या. घरी अहिराणी, शाळेतही बरीचशी अहिराणीच. नवरा लूमवर कामाला होता. बारावीपर्यंत शिकलेल्या कमलबाई शाळेत आल्या त्या मात्र शिक्षिका म्हणून नव्हे. गुजरातेत बालवाडीतल्या पोरांना घरोघरी जाऊन गोळा करून आणणारी बाई असते, तिला तेडागर म्हणतात. त्या तेडागर होत्या. पुढे पहिलीच्या बाई बाळंतपणाला गेल्या आणि परत आल्याच नाहीत. आमच्या मुख्याध्यापकांना सगळे मोठे सर म्हणत. ते कमलबाईंना म्हणाले, दोन दिवस वर्ग सांभाळा. ते दोन दिवस मी येईपर्यंत काही वर्षांचे झाले होते.

वर्ग मिळाला तरी बाईंचं पोरं गोळा करणं सुटलं नाही. सकाळी त्या एकट्या कधी आल्याचं मला आठवत नाही. कुणाचं बोट धरलेलं, कुणी पदराला, कुणी मागून चप्पल हातात घेऊन पळत. चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या वेळी सगळी सुरत गावाकडे पळाली. माणसं परतली तरी कितीतरी आया पोरांना घराबाहेर सोडायला तयार नव्हत्या. बाई रोज त्यांच्या दारात जाऊन बसत. समजावणं वगैरे काही नाही. नुसत्या बसत, चहा दिला तर पीत, आणि उठताना पोराकडे हात पुढे करत. पोर उठून त्यांच्याबरोबर चालू लागे.

मग वरून फर्मान आलं की प्रशिक्षण नसलेल्यांना वर्गावर ठेवायचं नाही. मोठे सर कमलबाईंना पुन्हा तेडागर करायला तयार होते. बाई मला म्हणाल्या, "पोऱ्यास्ले वर्गना दारलोक लई यावानं अन् दुसरीना हातमा देवानं, हाई माले आते जमाव नही." त्यांचे डोळे भरून आले. त्या हळू रडायच्याही, इतक्या हळू की आधी कळलंच नाही.

मोठे सर माणूस मोठा खटपट्या. त्यांनी कुठूनशी बातमी काढली. महाराष्ट्रातल्या एका मुक्त विद्यापीठाने अशाच लोकांसाठी शिक्षक-प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम काढला होता. प्राथमिक शाळेत आधी काम केलेलं असेल तर ते पहिल्या वर्षाच्या अभ्यासाऐवजी धरणार होते. अट एकच, परीक्षकांसमोर एक पाठ घ्यायचा. त्यात उतरलं तर एक वर्ष पदरात.

"म्हंजे आजपावत मी जे करं, ते शिक्षन म्हनीसन धरतीन?" बाईंनी हे मला निदान चारदा विचारलं. प्रत्येक वेळी मी हो म्हटलं, आणि प्रत्येक वेळी त्या नव्याने खूश झाल्या.

मोठ्या सरांनी एकच सल्ला दिला. परीक्षक शेवटच्या बाकावर बसतात, तेव्हा मोठ्याने बोला, आवाजाला गुण असतात. झालं. शाळा सुटल्यावर आम्ही दोघी गच्चीवर. मी पाण्याच्या टाकीपाशी परीक्षक होऊन बसायची आणि बाई दुसऱ्या टोकावरून पाठ घ्यायच्या. त्यांचा मोठा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. जत्रेत हरवलेल्या पोराला हाका माराव्यात तसा होता. मी म्हणायची, फारच छान. खालच्या कारखान्यातले कामगार वर बघायचे.

पाठाच्या दिवशी परीक्षक आले. जाडजूड, सफारी घातलेले, घामाने निथळणारे गृहस्थ. सतरंजीवर बसलेल्या पोरांच्या मागे ठेवलेल्या बाकावर ते कसेबसे मावले. मी माझ्या वर्गाला शुद्धलेखन दिलं आणि पहिलीच्या दारात जाऊन उभी राहिले. बाईंनी पदर खोचला आणि गच्चीवरचा आवाज लावला.

"मुलांनो! आज आपण पक्ष्यांची ओळख करून घेणार आहोत!"

वर्ग दचकला. पुढे बसलेल्या संगीताने भोकाड पसरलं. तिचं बघून शेजारचीने. मागून एक पोरगा घाबराघुबरा होऊन ओरडला, "बाई, काय व्हयनं? कोन मरनं?"

मग काय विचारता! अख्खा वर्ग कोण मेलं ते एकमेकांना ओरडून विचारू लागला. मोठे सर डोळे मिटून उभे होते. बाई फळ्यापाशी थांबल्या. त्यांच्या कपाळावरचं कुंकू घामाने ओघळत होतं. वर्ष गेलं, असं मला वाटलं, आणि खरं तर त्यांनाही वाटलं असणार. त्यांनी पदराने तोंड पुसलं, पोरांमधून वाट काढत त्या मागे गेल्या आणि आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "साहेब, आठे तुमले आयकू येवाव नही. पुढे पोऱ्यास्मा बठतस का?"

परीक्षकांनी एकदा मोठ्या सरांकडे पाहिलं, एकदा बाईंकडे. मग बूट काढले आणि पुढे येऊन सतरंजीवर बसले. बसताना त्यांना आधार लागला, तो त्यांनी संगीताच्या खांद्याचा घेतला. ती रडायची थांबली. पोरांनी सरकून त्यांना जागा दिली. बाई खाली बसल्या आणि बोलू लागल्या.

मला दारातून नेहमीप्रमाणे काही ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने सगळी पोरं एकदम हसली. परीक्षकही हसले, जरा उशिरा, पण पोट हलवून हसले.

निघताना त्यांनी विचारलं, "बाई, इतकं हळू का बोलता?"

"साहेब, घरमा मशीन, गल्लीमा मशीन. मोठा आवाज त्यास्ना कानले लागतच नही. आनि मानूस मोठाघाई बोलना, म्हंजे काहीतरी वाईट व्हयेल शे, एवढंच त्यास्ले माहीत."

बाईंचं वर्ष धरलं गेलं. मोठ्या सरांनी सगळ्यांना लोचो, सुरतेचा तो डाळीचा वाफाळता नाश्ता, खाऊ घातला. दुसरं वर्ष मात्र प्रत्यक्ष जाऊन करायचं होतं, आणि केंद्र निघालं ते खानदेशात, बाईंच्या माहेराजवळ. दिवाळीनंतर सुरू. म्हणजे सुट्टी लागली की त्या जाणार होत्या. आपण आनंदाने लोचो कशाचा खाल्ला ते माझ्या तेव्हा लक्षात आलं.

सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी पलीकडच्या वर्गातून हसणं आलं नाही. बाई बराच वेळ काहीतरी बोलत असणार, कारण पोरं गप्प होती. मी पाढे घेतले नाहीत त्या दिवशी. उधना स्टेशनवर त्यांना पोचवायला गेले, तेव्हा त्या खिडकीतून म्हणाल्या, "एक वरीस, ताई. मन्ही जागा कोनले देऊ नका." जागा माझ्या हातात असती तर अजूनही दिली नसती.

वाईट काहीच झालं नाही. त्या पास झाल्या. त्यांच्या गावच्या शाळेने त्यांना ठेवून घेतलं. इकडे नवरा कामाला होता तो कारखाना विकला गेला, मग नवराही गावी गेला. सगळं चांगलंच झालं, त्यामुळे मला तक्रारीला जागा उरली नाही. नुसतं चुकल्याचुकल्यासारखं वाटत राहिलं. पहिलीवर नवीन बाई आल्या, हुशार, खणखणीत आवाजाच्या. त्यांचा शब्द न् शब्द मला पार्टिशनवरून ऐकू यायचा, आणि मी मात्र न ऐकू येणाऱ्या बाईंसाठी कान देऊन बसायची. त्या दिवसांत मधल्या सुट्टीत पहिलीची दोन-तीन पोरं माझ्या दारात येऊन उभी राहायची. बोलायची नाहीत. मी त्यांना खडूचे तुकडे देऊन परत पाठवायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

परवा पर्वत पाटियाजवळ एका एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात साडीचं काम द्यायला गेले होते. मशीन धडधडत होत्या. काउंटरवरची बाई मला काहीतरी सांगत होती, इतकं हळू की मी आपोआप पुढे वाकले. वाकल्यावर सगळं स्वच्छ ऐकू आलं.

"बेन, ओळखलं नाही ने? मी संगीता. परीक्षक आले तेव्हा रडलेली."

तिचं घर मागेच शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोसाडला हललं होतं. आम्ही दोघींनी कमलबाईंची आठवण काढली. इतकी वर्षं मनात होतं ते मी विचारून टाकलं. शेवटच्या दिवशी बाई तुमच्याशी एवढं काय बोलत होत्या?

"त्या बोलल्या, नवीन बाई मोठ्याने बोलतील, तर घाबरू नका. त्या रागावलेल्या नसतात. तुम्ही ऐकता हे त्यांना अजून माहीत नाही, एवढंच."

"आणि?"

"आणि बोलल्या, माझी आठवण आली तर बाजूच्या ताईंकडे जाऊन उभं राहायचं. त्यांना पण येत असेल." संगीता हसली. "आम्ही यायचो ने, बेन. तुम्ही खडू द्यायच्या."