संकासुराचं पोट

आमच्या गावचा संकासुर म्हणजे माझा चुलतभाऊ आत्माराम. एरवी तो पिठाची गिरण चालवतो. शिमग्याला खेळे, म्हणजे सोंगं घेऊन नाचणारी मंडळी, घरोघर निघाले की अंगात काळा झगा, तोंडावर पांढऱ्या दाढीचा मुखवटा, डोक्यावर उंच टोकेरी टोपी आणि कमरेला घुंगरांचा पट्टा बांधून तो अंगणात उडी घेतो, आणि पोरं किंचाळत घरात पळतात. निदान पळायची. मी खेळ्यांत मृदंग वाजवतो, त्यामुळे हे सगळं मला जवळून दिसतं. पोट मलाही आहे, पण ते मृदंगाआड राहतं, तेव्हा त्याविषयी कुणी बोलायचं कारण नाही.

आत्मारामाच्या पोटाला असा आडोसा नाही. मुखवट्याने तोंड झाकतं, पोट कशाने झाकणार? त्याच्या बायकोने, म्हणजे दर्शनावहिनींनी, झगा दोनदा उसवून सैल केला होता. गेल्या शिमग्याला शेजारच्या अंगणात त्याने झोकात उडी मारली आणि घुंगरांचा पट्टा पोटाखाली घसरला. शेजारची मनस्वी, एवढीशी पोर, टाळ्या वाजवत ओरडली, "आत्मारामकाका आला!" मग सगळीच पोरं ओरडायला लागली. एकाने तर संकासुराला आमचं पीठ झालं का म्हणून विचारलं.

खेळ्यांमध्ये काशीराम गावकरांचा शब्द शेवटचा. ते भडकले. "पोरा जर संकासुराला नावाना हाक मारतायत, तर तो संकासुर कसला? पुढच्या शिमग्याला एका जरी पोरान तुजा नाव घेतलान, तर झगा केतनला!"

केतन म्हणजे काशीरामांचा पुतण्या. मुंबईला असतो, जिमला जातो आणि फोटो काढताना कारण नसताना शर्ट वर करतो. आत्मारामाचा चेहरा पडला. त्याच्या बापाने हा झगा घातला होता, मिसरूड फुटल्यापासून हा घालत आला होता. आमच्या गावचा संकासुर मुका असतो, एक शब्द बोलत नाही, आणि एरवी गिरणीच्या आवाजावर ओरडून बोलणारा हा माणूस ते मुकेपण इतकं मनापासून पाळायचा की मला त्याचं कौतुक वाटायचं. हे मी त्याला कधी सांगितलं नाही. डोक्यावर बसला असता.

दिवाळी झाली आणि त्याने मोबाइलवर एक व्हिडिओ शोधला. त्यात एक चकचकीत माणूस "पोट जाळा, पोट जाळा" म्हणून ओरडत होता. आत्माराम गिरणीतच आडवा झाला, पाय भाताच्या पोत्याखाली अडकवले, हात मानेमागे घेतले आणि हिसके देत धड वर-खाली करायला लागला. मी म्हटलं, "अरे, हळू." तो म्हणाला, "जळतंय! जळतंय!" त्याला वाटलं पोट जळतंय. जळत होती कंबर.

एका सकाळी तो अर्ध्यावर अडकला. ना वर येता येईना, ना खाली जाता येईना. दर्शनावहिनी आत आल्या, त्यांना वाटलं हा नवीन प्रकार असेल, म्हणून त्या तांदूळ निवडत बसल्या. बऱ्याच वेळाने त्याने बारीक आवाजात "अगो, उसण भरली" म्हटलं तेव्हा आम्ही त्याला उचललं.

आमच्याकडे कंबरेत उसण भरली की आधी पायाळू माणूस शोधतात. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू. त्याने कंबरेला लाथ लावली की उसण उतरते, असं सगळे मानतात. गावची मानाची पायाळू म्हणजे धोंडूबाई. तिची लाथ एरवी हलकी असते. पण आदल्याच आठवड्यात आत्मारामाने तिच्या तांदळाच्या पिठात कुणाची तरी नाचणी मिसळली होती. ती लाथ मी पाहिली आहे, तिच्यात नाचणी होती.

दोन-तीन दिवसांनी कंबर सुटली. तशी ती लाथेवाचूनही सुटली असती, पण हा मोकळा होताच पुन्हा पोत्याखाली गेला आणि पुन्हा अडकला. धोंडूबाईने या वेळी साफ नकार दिला. "माजा पाय दुकतो आता. तुजी कंबर हाय का पायपुसना?"

तेवढ्यात त्याची भाची नेत्रा आजोळी आली. ती रत्नागिरीला फिजिओथेरपी करते. आत्मारामाने तोंड वाकडं केलं. जिथे इंजेक्शन नाही, गोळी नाही, त्या डॉक्टरकीवर त्याचा विश्वास नव्हता. पण वहिनींनी आठवण करून दिली की नेत्रा जन्मली तीच पायांकडून. हा गडी तत्काळ पालथा झाला.

नेत्रा हुशार. म्हणाली, "मामा, पाय लावते. पण मग मी सांगेन तेवढंच करायचं." आधी तिने नीट चौकशी केली, पायाला मुंग्या येतात का, बधिरपणा आहे का, लघवीला काही त्रास आहे का. तसं काही नव्हतं. मग वाकवून, वळवून पाहिलं आणि शेवटी अंगठा टेकवल्यासारखा करून पाय लावला. आत्माराम म्हणाला, "आहाहा!"

"पोत्याखाली पाय अडकवलात की पोटापेक्षा मांडीचे स्नायू ओढतात, आणि ते कंबरेला धरून ओढतात," तिने समजावलं. "पोटाचं काम कंबरेला सांभाळायचं आहे, मोडायचं नाही." मग तिने त्याला उताणं झोपवलं. गुडघे दुमडून वर, हात छताकडे. एक हात डोक्याकडे आणि विरुद्ध बाजूचा पाय लांब न्यायचा, श्वास सोडत, पण कंबर जमिनीवरून सुटता कामा नये. सुटली तर पाय कमी लांबवायचा. या प्रकाराचं इंग्रजी नाव मेलेल्या किड्यावरून आहे म्हणे. आत्माराम म्हणाला, शिमग्याच्या आधी मेलेलं-बिलेलं नको. त्याचं नाव आम्ही उलटा खेकडा ठेवलं.

दुसरा प्रकार रांगण्याचा. हात आणि गुडघे टेकून एक हात पुढे, विरुद्ध पाय मागे, पाठ फळीसारखी. पाठ हलते का बघायला नेत्राने कंबरेवर सोलकढीची वाटी ठेवली. पहिले काही दिवस अंगणातल्या मांजराची चंगळ झाली. शिवाय उठल्या उठल्या करायचं नाही, श्वास कोंडायचा नाही, आणि दुखलं की थांबायचं, मर्दानगी दाखवायची नाही. ही शेवटची सूचना तिने माझ्याकडे बघून का दिली ते कळलं नाही.

"आणि याना पोट जाईल?" आत्मारामाने विचारलं.

"पोटाच्या व्यायामाने पोट वितळत नाही, मामा. त्याला चालावं लागतं," असं म्हणून तिने त्याच्या ताटातल्या घावनांच्या चवडीकडे पाहिलं. वहिनींनी चवड अर्धी केली. आत्मारामाच्या डोळ्यांत पाणी आलं.

पण त्याने सोडलं नाही. रोज देवळापर्यंत चालायचा, मग अंगणात चटई टाकून उलटा खेकडा. पोरं अंगणाभोवतीच्या चिऱ्याच्या गडग्यावर रांगेने बसून बघायची, पुढे पुढे खाली उतरून त्याच्या शेजारी झोपायला लागली. तो पडल्या पडल्या ओरडायचा, "कंबर टेकव!" आणि सगळी हसायची. मला काळजी वाटायची. ज्या पोरांनी ओळखू नये त्यांच्यासमोरच हा रोज आडवा.

शिमगा आला. पोट गेलं नव्हतं, थोडं मागे सरलं होतं. मात्र गडी ताठ उभा राहत होता, पट्टा जागच्या जागी बसत होता, आणि वहिनींनी झग्याची एक शिवण परत आत घेतली होती. केतनही मुंबईहून आला होता आणि शर्ट खाली ठेवून वाट बघत होता.

शेजारच्या अंगणात मी थाप मारली. संकासुर उडाला, गिरकी घेतली, ताठ उतरला. पोरं गप्प. हाक नाही. काशीराम समाधानाने मान डोलवायला लागले. तेवढ्यात मनस्वी पुढे आली. घाबरलेल्या पोराला काय सुचेल सांगता येत नाही. ती संकासुरासमोर सरळ उताणी पडली आणि हात-पाय वर करून उलटा खेकडा करायला लागली. तिच्यामागोमाग सगळीच पडली. मुखवट्याआडून आत्माराम बघत होता, आणि मनस्वीची कंबर चांगली वीतभर वर उचललेली होती.

माझा हात मृदंगावर थांबला. नको रे, मी मनात म्हटलं, नको.

"कंबर टेकव!" संकासुर गरजला.

काशीरामांनी कपाळाला हात लावला. केतनने झग्याकडे हात पुढे केला. आणि मग पोरं जी किंचाळली म्हणता! आजवर मुका असलेला संकासुर बोलला होता. सगळी धडपडत उठली, कुणी घरात, कुणी गोठ्यात, मनस्वी तर आईच्या पदराखाली शिरून थरथरत होती. एकाच्याही तोंडून नाव निघालं नाही. मोठी माणसं मात्र पोट धरून हसत होती, आणि काशीराम डोळे पुसत म्हणाले, "ऱ्हाऊ दे झगा त्याच्याकडंच."

दुसऱ्या दिवशी मनस्वी पिठाचा डबा घेऊन गिरणीत आली. इकडे तिकडे बघून तिने आत्मारामाला खाली वाकायची खूण केली. तो पाठ सरळ ठेवून, गुडघ्यांतून वाकला.

"काका," ती कानात म्हणाली, "संकासुराला पण तुमचा व्यायाम माहितेय. तुम्ही घाबरू नका. मी त्याला तुमचं घर नाय सांगितलं."